एकही गोळी न झाडता परमवीर? रामा राघोबा राणे आणि ते चार दिवस

सातवीचा_बाप (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे. थोरल्याच्या शाळेत 'युद्धभूमीवरचं शौर्य' या विषयावर चार मिनिटांचं भाषण आहे. घरात बरीच वादावादी होऊन सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचं नाव ठरलं. मूळ गाव कारवारजवळचं चेंडिया, पलटण बॉम्बे सॅपर्स (सॅपर म्हणजे लष्करात रस्ते-पूल करणारे, सुरुंग काढणारे सैनिक), १९४८ सालच्या काश्मीर युद्धातले परमवीर चक्र विजेते.

पोराने कच्चं भाषण लिहून बाईंना दाखवलं. बाई म्हणाल्या, "छान आहे, पण यात लढाई कुठाय? हे तर रस्तादुरुस्तीचं काम वाटतंय." पोरगं हिरमुसून घरी आलं.

त्यावर मी परमवीर चक्राचं सन्मानपत्र पहिल्यापासून नीट वाचलं आणि खरं सांगतो, मीही थबकलो. त्या अख्ख्या मजकुरात राण्यांनी एक गोळी झाडल्याचा उल्लेख नाही. सुरुंग काढले, झाडं उडवली, वळणरस्ता केला, परत सुरुंग काढले. समोरून मशीनगन चालू आहे आणि हा माणूस आपला काम करतोय.

तर प्रश्न असा: याला रणांगणावरचं नेतृत्व म्हणायचं ते नेमकं कशासाठी? आणि सातवीतल्या पोराने ते चार मिनिटांत कसं सांगावं?

---

टवाळखोर_तात्या

बाईंना सांगा, आमच्या गल्लीत पाच वर्षं रस्तादुरुस्ती चालू आहे, तीही गोळीबाराशिवाय. तेव्हा राण्यांना परमवीर मिळालं ते योग्यच.

(हलके घ्या. विषय आवडीचा आहे, बसलोय.)

---

इरावती_क

तात्या, तुम्ही प्रत्येक धाग्यावर पहिले कसे असता हो?

मूळ प्रश्नाबद्दल: राण्यांची ती टँकखाली रांगण्याची गोष्ट भाषणात घ्या ना! सुरुंग पेरलेल्या पट्ट्यात ते टँकच्या पोटाखाली शिरले आणि चालकाला दोरीने खुणा करत, एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल, असं करत टँक पुढे नेला. मुलं खुर्चीच्या टोकावर येतील.

---

खडकीकर

मी बॉम्बे सॅपर्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. चार शब्द लिहितो, मोठं होईल, क्षमस्व.

आधी बाईंच्या प्रश्नाचं. सुरुंग काढणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. आम्हाला खडकीला शिकवलं ते असं: पोटावर आडवं व्हायचं. संगिनीचं किंवा टोचणीचं टोक जमिनीत तिरकं घालायचं, सरळ कधीच नाही, कारण सुरुंग वरून दाब बसला की फुटतो. टोक कशाला अडलं की हात थांबला पाहिजे. मग बोटांनी बाजूची माती काढायची, भाकरीच्या पिठातला खडा काढावा तशी. सापडला म्हणून लगेच उचलायचा नाही. खाली दुसरा असेल, तार बांधलेली असेल. टँकसाठी पेरलेला सुरुंग माणसाच्या वजनाने सहसा फुटत नाही. पण तो काढायला येणाऱ्यासाठी आजूबाजूला छोटे पेरून ठेवतात.

सरावात सुरुंग खोटे असतात आणि गोळीबार नसतो. तरी पहिल्या दिवशी माझ्या हाताला असा कंप होता की उस्ताद म्हणाले, "जाधव, जमीन टोचतोयस की गोधडी शिवतोयस?" (जाधव माझं नाव नाही, उस्ताद सगळ्यांनाच जाधव म्हणायचे.)

आता हेच काम डोंगरकड्याच्या वळणावर करा, वरून मशीनगन आणि तोफगोळे चालू असताना, आदल्या सकाळी अंगाला जखम झालेली असताना. गोळी झाडणाऱ्याला निदान ती झाडल्याचं समाधान असतं. सॅपरचे दोन्ही हात मातीत असतात. तो उलट मारू शकत नाही आणि पळूही शकत नाही. त्याने मान खाली घालून बोटांकडे बघायचं.

---

बोरूबहाद्दर

खडकीकरकाका, दंडवत. 'भाकरीच्या पिठातला खडा' वाचून अंगावर काटा आला.

पण पुढचं जरा उलगडून लिहा की. आमच्यातल्या निम्म्यांना घटनाच माहीत नाही.

---

खडकीकर

लिहितो. नकाशा डोळ्यासमोर ठेवा. जम्मूच्या वायव्येला नौशेरा, तिथून उत्तरेला राजौरी. राजौरी नोव्हेंबर १९४७ पासून हल्लेखोरांच्या ताब्यात होतं. गावात माणसं अडकलेली, अत्याचाराच्या बातम्या येत होत्या. १८ मार्च १९४८ ला आपल्या सैन्याने नौशेऱ्याजवळचं झांगर परत घेतलं आणि मग राजौरीकडे निघायचं ठरलं. रस्ता एकच, तोही डोंगरातून. टँक पोचले तर राजौरी पडणार, हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. म्हणून शत्रूने रस्ताच मोडून ठेवला होता.

८ एप्रिल. सकाळी ११ वाजता नदपूर दक्षिण नावाच्या ठिकाणी राण्यांची तुकडी टँकांशेजारी काम सुरू करायच्या तयारीत उभी होती. तेवढ्यात उखळी तोफांचा मारा आला. तुकडीतले दोन जण जागेवर गेले, पाच जखमी झाले, त्या पाचांत राणे स्वतः होते. त्यांनी तुकडी पुन्हा बांधली आणि काम सुरू केलं. दिवसभर टँकांजवळच, माऱ्यात. दुपारी साडेचारच्या सुमारास ४ डोगरा पलटणीने बरवाली टेकडी घेतली. भोवतालचा शत्रू पुरता हटलेला नाही हे ठाऊक असून राणे माणसं घेऊन पुढे गेले आणि टँकांसाठी वळणरस्ता खणू लागले, रात्री १० पर्यंत, शत्रूच्या नजरेसमोर.

९ एप्रिल. सकाळी ६ ला पुन्हा सुरुवात, दुपारी ३ ला वळणरस्ता तयार. रणगाडे निघाले, तेव्हा राणे सगळ्यात पुढच्या कॅरिअरमध्ये (हलक्या चिलखती गाडीत) बसले. अर्ध्या मैलावर चिडाची झाडं पाडून रस्ता अडवलेला. उतरले, झाडं उडवली. ३०० यार्डांवर परत तेच. संध्याकाळी ५ च्या सुमारास पुढची मोरी उडवलेली, शिवाय मशीनगन. बाजूने वाट काढली. सव्वासहाला पाच मोठी झाडं आडवी, भोवती सुरुंग, वर मशीनगनची नजर. हे काढायला बसलेच होते, पण अंधार पडत आलेला. टँकांच्या कमांडरने ओळखलं आणि सगळ्यांना रात्रीपुरतं मागे सुरक्षित जागी घेतलं.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाचला त्याच पाच झाडांपाशी. साडेसहाला वाट मोकळी. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची माळ, कडेचे भराव उडवलेले. ते साडेदहाला संपवलं. टँक रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी २ ला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. राणे मात्र मागेच. कारण टँक पोचले तरी शिधा, दारूगोळा, इंधन घेऊन येणाऱ्या गाड्या नदीतून जाऊ शकत नव्हत्या, त्यांना रस्ताच हवा. रात्री ९ पर्यंत, न जेवता, न टेकता.

११ एप्रिल. सकाळी ६ ते ११, चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. मग पुढचा रस्ता, रात्री १० पर्यंत.

१२ ला सैन्य राजौरीत शिरलं.

---

इरावती_क

काय लिहिलंय काका.

पण यात दोरी कुठे आली नाही?

---

खडकीकर

सन्मानपत्रात ती नाही. त्या चार दिवसांचं मी लिहिलं ते बहुतेक सगळं त्यातलं आहे, दोरी त्यात नाही.

---

यंत्रोपासक

व्यवसायाने यांत्रिकी अभियंता आहे, म्हणून दोरीबद्दल लिहितोच. तिथे सेंट्रल इंडिया हॉर्सचे स्टुअर्ट टँक होते. हलके म्हणायचे, तरी वजन १४-१५ टन. पोटाखालची मोकळी जागा दीड फुटाच्या आतली. त्यात माणूस पालथा मावतो, हे खरं. पण रांगत, शिवाय सुरुंग शोधत, दोरी ओढत? आणि टँक चालतोय? खडबडीत जमिनीवर तो एका दगडावरून घसरला तरी संपलं.

कोणी केलं नसेल असं मी म्हणत नाही. युद्धात माणसं काय करतात याला माझं गणित लागू नाही. पण भाषणात 'असं सांगतात' एवढं जोडावं.

---

इरावती_क

म्हणजे तुम्ही आता आमच्याकडून दोरीपण काढून घेणार!

---

टवाळखोर_तात्या

दोरी ओढली की थांबायचं, हे आमच्या घरी १९९१ पासून चालू आहे. अशक्य काही नाही.

---

माणगावचा_मन्या

बाईंच्या बाजूनेही कोणी बोलायला हवं, म्हणून मी बोलतो. मला सुरुंगवाल्यांबद्दल आदर आहे. पण शौर्य म्हटलं की मला आमच्या तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे आठवतात. माणगावात त्यांचा पुतळा आहे, लहानपणापासून येताजाता बघत आलोय.

१० जुलै १९४४, इटली. तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. घाडगे रायफल सेक्शनचे (छोट्या तुकडीचे) कमांडर. जवळूनच मशीनगन सुटली आणि त्यांच्या सेक्शनमधला एकूण एक माणूस मेला किंवा जखमी झाला. घाडगे एकटे उभे. क्षणाचा विलंब न लावता त्या मशीनगनवर धावले, ग्रेनेड टाकून गन आणि गनर गार केला, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक दांड्यासारखी धरून उरलेल्या दोघांना झोडपलं. मग दडून बसलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, मरणोत्तर.

हे सगळं किती वेळात झालं असेल? दोन मिनिटं? त्या दोन मिनिटांत एक अख्खं आयुष्य आहे. याला मी शौर्य म्हणतो. राण्यांचं काम थोर आहे, पण ते चिकाटी या सदरात जातं.

---

खडकीकर

मन्या, घाडग्यांपुढे मी काय बोलणार. त्यांना सलाम.

'चिकाटी' हा शब्द मात्र पटला नाही. घाडग्यांपुढे विचाराला वेळच नव्हता, हे तुम्हीच लिहिलंत. राण्यांना विचाराला ९ एप्रिलची अख्खी रात्र होती. पाच झाडं कुठे आहेत, सुरुंग कुठे आहेत, गन कुठून लागते, सगळं बघून ते मागे आले. रात्रभर ते माहीत असताना पहाटे पावणेपाचला त्याच जागी परत जायचं. आणि एकट्याने नाही, ज्यांचे दोन सोबती दोनच दिवसांपूर्वी डोळ्यांदेखत गेले त्या पोरांना उठवून, सोबत घेऊन.

---

सातवीचा_बाप

काका, हे पोराला आत्ता वाचून दाखवलं. त्याने जेवण थांबवून ऐकलं.

---

सडेतोड

थोडं थंड पाणी ओततो. सैनिकाला पगार त्याचाच मिळतो. सॅपरचं कामच सुरुंग काढणं. डॉक्टरने ऑपरेशन केलं म्हणून आपण आरती ओवाळत नाही. दुसरं म्हणजे 'राण्यांनी रस्ता खुला केला' ही भाषाच चुकीची. एक माणूस चार दिवसांत एवढा रस्ता मोकळा करत नाही. टिकाव, फावडं, घमेलं घेऊन जी माणसं राबली ती कुठे आहेत?

---

बोरूबहाद्दर

पहिल्या मुद्द्यावर तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, दर पंधरा ऑगस्टला घालतो.

दुसरा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर. सन्मानपत्रात त्या दोन मृत सॅपर्सची नावं नाहीत. 'तुकडीतले दोन' एवढंच.

---

खडकीकर

सडेतोड, दुसऱ्या मुद्द्याला माझाही हात वर. पण म्हणूनच तर याला नेतृत्व म्हणतात ना? पायदळाचा अधिकारी "चला" म्हणून पुढे धावतो तेव्हा माणसं त्या वेगात सोबत जातात. सुरुंग काढताना धावता येत नाही. तिथे पुढारी म्हणजे ज्याची टोचणी सगळ्यात पुढे आहे तो. तुकडी त्याच्या पाठीकडे बघत असते. त्याचा हात संथ चालला तर मागच्यांचे हात संथ चालतात. तो दचकला तर मागे सगळे दचकतात आणि दचकलेल्या हाताने सुरुंग निघत नाही.

यावरून आमच्याच सॅपर्सच्या दुसऱ्या एका सेकंड लेफ्टनंटची आठवण होते, प्रेमिंद्रसिंग भगत. १९४१, अॅबिसिनियाची (आजच्या इथिओपियाची) मोहीम. चार दिवसांत ५५ मैलांच्या पट्ट्यात १५ सुरुंगक्षेत्रं शोधून साफ केली. दोनदा त्यांचं कॅरिअर सुरुंगावर उडालं, कानाचा पडदा फाटला, तरी दुसऱ्याकडे काम द्यायला तयार नव्हते. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले भारतीय अधिकारी. तोच हुद्दा, तेच काम, तेही चार दिवस.

---

कारवारी_बांगडा

उशिरा आलो. आमचे राणे आणि मला कोणी बोलावलं नाही?

कारवारच्या किनाऱ्यावर 'चापळ' युद्धनौकेचं संग्रहालय आहे, तिथेच त्यांचा पुतळा. चेंडिया तिथून दक्षिणेला, अंकोल्याच्या वाटेवर. वडील पोलिसांत होते. राणे १९४० मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले, अधिकारी म्हणून नव्हे, हे कोणी लिहिलं नाही. ब्रह्मदेशात आराकानच्या आघाडीवर होते. बुथिडाँगहून सैन्य मागे घेताना त्यांच्या हाताखाली दोन सेक्शन मागे ठेवली होती, मागे राहिलेला सामानसुमान उडवून द्यायला. काम झाल्यावर नौदलाचं जहाज न्यायला येणार होतं, ते आलंच नाही. मग जपानी पहारा चुकवून नदी ओलांडून माणसांना परत आणलं. त्यावर हवालदार झाले. अधिकारी झाले १९४७ च्या डिसेंबरात, म्हणजे राजौरीच्या जेमतेम चार महिने आधी.

---

माणगावचा_मन्या

हे माहीत नव्हतं. म्हणजे सात वर्षं त्यांनी स्वतः फावडं मारलेलं होतं.

---

खडकीकर

अगदी हेच. हाताखालच्या सॅपरचा हात कधी थकतो हे त्याला पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

---

सीमावासी

कारवार मुंबई इलाख्यात, मग मुंबई राज्यात होतं, १९५६ पर्यंत. राणे मराठीच! उगाच 'कर्नाटकचे सुपुत्र' वगैरे

---

कोंकणी_आमोणे

घरात काय बोलत असतील सांगू? आमची कोंकणी!

---

संपादक_मंडळ

सीमाप्रश्नाचा वेगळा धागा आहे, गेल्या महिन्यात तो ८०० प्रतिसादांवर बंद केला. इथले यापुढचे तेवढेच प्रतिसाद उडवले जातील. सुरुंग लावून.

---

कारवारी_बांगडा

आम्ही गप्प. बांगड्याला भाषा नसते.

---

रेशीमगाठ

अवांतर, पण राहवत नाही. ज्या परमवीर चक्राबद्दल बोलतोय त्याची रचना एका मराठी घरातल्या सुनेची. सावित्रीबाई खानोलकर, जन्माने युरोपियन, नाव ईव्ह. विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून आल्या आणि मराठी, संस्कृत, पुराणं असं सगळं आत्मसात केलं. पदकावर चार बाजूंना इंद्राचं वज्र आहे, दधीचींच्या अस्थींपासून बनलेलं. पदक काशाचं, फीत साधी जांभळी. आणि योगायोग असा की पहिलं परमवीर ज्यांना मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा त्यांच्या मुलीच्या सासरचे, दीर.

---

बोरूबहाद्दर

याला अवांतर म्हणत असाल तर रोज करा.

भर घालतो: १९४७-४८ च्या युद्धाची पाच परमवीरं, त्यातली तीन मरणोत्तर. जिवंतपणी मिळालेले दोघेच, लान्स नाईक करम सिंग आणि राणे. राणे पुढे मेजर होऊन १९६८ ला निवृत्त झाले, १९९४ मध्ये पुण्यात गेले. त्यांच्या नावाने शिपिंग कॉर्पोरेशनचं एक तेलवाहू जहाज होतं, आणि २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला नाव दिलं.

---

यंत्रोपासक

एक आकडेमोड, सवय जात नाही. खडकीकरकाकांनी लिहिलेल्या वेळा घेतल्या. ८ तारखेला ११ ते रात्री १०: अकरा तास. ९ ला सकाळी ६ ते संध्याकाळी निदान सव्वासहा: सव्वाबारा. १० ला पावणेपाच ते रात्री ९: सव्वासोळा. ११ ला सकाळी ६ ते रात्री १०: सोळा. बेरीज साडेपंचावन्न तास. चार दिवसांत. जखमी अवस्थेत.

सन्मानपत्र लिहिणाऱ्याने विशेषणं कमी आणि घड्याळ जास्त वापरलंय. मला तेच आवडलं.

---

सडेतोड

हं. हे पगाराच्या तासांत बसत नाही, मान्य.

---

टवाळखोर_तात्या

नोंद घ्या! सडेतोडने 'मान्य' लिहिलं. संपादक मंडळ, धागा जतन करा.

---

इरावती_क

चिंगसबद्दल कोणी लिहिलं नाही. मी गेले आहे तिथे, राजौरी सहलीत. जुनी मुघल सराई आहे. १६२७ मध्ये जहांगीर काश्मीरहून परतताना वारला, तेव्हा शव टिकावं म्हणून त्याची आतडी इथे पुरली, आणि चिंगस म्हणजे फारसीत आतडी, असं तिथे सांगतात. आमचा गाडीवाला त्या वळणांवर एका हाताने गाडी चालवत होता आणि मी डोळे मिटून बसले होते. नितळ डांबरी रस्ता, तरी. आता वाटतंय, त्याच वळणांपैकी कुठल्यातरी एकावर ती पाच झाडं होती आणि मी झोपेचं सोंग घेतलं.

---

माणगावचा_मन्या

माझा 'चिकाटी' मागे घेतो. घाडगे आणि राणे यांत डावंउजवं करणं हाच बावळटपणा होता.

---

सातवीचा_बाप

मंडळी, भाषण झालं. सगळ्यांना अहवाल द्यायला हवा.

बाईंची शंका तशीच होती, म्हणून पोराने सुरुवातच बदलली. गोष्ट सांगायच्या आधी उभा राहून नुसत्या वेळा वाचल्या: "सकाळी अकरा. दुपारी साडेचार. रात्री दहा. सकाळी सहा." यंत्रोपासक, ते तुमच्यामुळे. मग काकांचा भाकरीच्या पिठातला खडा. मग पाच झाडं आणि मधली ती रात्र. दोरी त्याने स्वतःहून वगळली. म्हणाला, "खरी असली तरी तिच्यामुळे सगळे टँककडेच बघतील."

नंबर आला नाही. पहिला आला तो मुलगा भाषणात तोंडाने मशीनगनचा आवाज काढत होता, चांगला काढत होता.

शेवटचं वाक्य मात्र मी लिहून दिलेलं नव्हतं. "त्या सकाळी राण्यांच्या तुकडीतले दोघे गेले, त्यांची नावं सन्मानपत्रात नाहीत." एवढं म्हणून बसला. बाईंनी नंतर बोलावून विचारलं, हे तुला कोणी सांगितलं. तो म्हणाला, "बाबांचे मित्र आहेत, एक सडेतोड आणि एक बोरूबहाद्दर."

---

सडेतोड

बाईंचा चेहरा बघायला हवा होता.

---

खडकीकर

पोराला माझ्याकडून एक शाबासकी. पुण्याकडे आलात तर कळवा, टोचणी कशी धरायची ते अंगणात दाखवतो. बायकोची तुळस सोडून कुठेही टोचू दे.